होकायंत्र कोणाच्या खिशात?

रानात वाट चुकलेला माणूस तासभर चालून पुन्हा त्याच झाडाखाली आला की आमच्या खानापूरकडची म्हातारी माणसे म्हणतात, “चकवा लागला.” शिकलेली मंडळी यावर हसतात. पण हसण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. २००९ साली जर्मनीतील माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी काही माणसांना तिथल्या अरण्यात आणि ट्युनिशियाच्या वाळवंटात ‘सरळ चालत राहा’ एवढेच सांगून सोडले व त्यांची वाट उपग्रहाच्या साहाय्याने टिपली. सूर्य दिसत होता तोवर माणसे बऱ्यापैकी सरळ चालली. अरण्यात ढगांनी सूर्य झाकला तेव्हा ती गोल फिरली, आणि आपण गोल फिरतो आहोत याचा त्यांना पत्ताही लागला नाही. म्हाताऱ्या माणसांचे निरीक्षण खरे होते तर! भूत मात्र आपल्याच डोक्यात बसलेले असते.

आपल्या दोन्ही भाषांना हे सूर्याचे महत्त्व फार पूर्वीपासून ठाऊक आहे. मराठीत आपण उगवत आणि मावळत म्हणतो. माझ्या कन्नड मैत्रिणीची आजी पूर्वेला मूडण आणि पश्चिमेला पडुवण म्हणते. त्यातही एक उगवण्यावरून आणि दुसरी मावळण्यावरूनच आलेली. म्हणजे मराठी माणूस काय आणि कन्नड माणूस काय, दोघांनीही दिशा सूर्याकडून उसन्या घेतल्या. आषाढ-श्रावणात आमच्या घाटमाथ्यावर सूर्य आठ-आठ दिवस तोंड दाखवीत नाही, तेव्हा दोघांचीही पंचाईत सारखीच.

म्हणूनच डोंगरात जाणाऱ्याला होकायंत्र हवे, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो कोणते घ्यावे आणि किती घ्यावीत याबद्दल. आमच्या पदभ्रमण मंडळापुढे यंदा नेमका हाच प्रश्न आहे. मंडळाला थोडे पैसे मिळाले आहेत आणि ‘नेत्यासाठी एक उत्तम, लष्करी बनावटीचे होकायंत्र घ्यावे’ असे बहुतेकांचे मत दिसते. माझे मत याच्या अगदी उलट आहे. वाणिज्य शाखेच्या मुलीने यात तोंड घालावे याचे काहींना नवल वाटेल. पण खरेदी हा आमचाच विषय नाही का?

आधी हा प्रश्न निघाला कशावरून ते सांगते. गेल्या वर्षी भाद्रपदात आम्ही अठ्ठावीस जण वनखात्याची रीतसर परवानगी काढून कणकुंबीच्या बाजूला गेलो होतो. तो प्रदेश ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडी माहिती. मलप्रभा नदी कणकुंबीला उगम पावते आणि पूर्वेकडे वाहत जाऊन कृष्णेला मिळते, म्हणजे तिचे पाणी बंगालच्या उपसागरात जाते. म्हादई त्याच खानापूर तालुक्यातल्या रानात जन्मते आणि पश्चिमेला गोव्यात उतरून अरबी समुद्र गाठते. दोन समुद्रांचे पाणी येथे एकमेकांपासून थोड्याच अंतरावर वेगळे होते. ‘वाट चुकलात तर पाण्याच्या कडेने खाली उतरा, गाव लागेल’ हा पुस्तकी उपदेश येथे किती धोक्याचा आहे हे यावरून कळेल. एका ओढ्याच्या कडेने गेलात तर जांबोटीच्या बाजूला याल. दुसऱ्याच्या कडेने गेलात तर कड्याच्या टोकाशी.

दुपारी धुके उतरले. पुढचे सतरा जण चालीने गेले आणि मागे राहिलेल्या आम्हा अकरा जणांना दोन ढोरवाटा फुटलेल्या दिसल्या. होकायंत्र एकच होते, चामड्याच्या पाकिटातले, भारी किमतीचे. ते नेत्याच्या खिशात होते आणि नेता पुढे होता. दोघींनी मोबाइल काढले. दोन मोबाइलनी दोन उत्तर दिशा दाखविल्या, कारण एकीच्या मोबाइलच्या वेष्टनाला चुंबकाची झडप होती. आम्ही शहाणपणाने जागेवरच थांबलो, शिट्ट्या वाजवीत राहिलो. पुढची मंडळी परत यायला दीड तास लागला. तोवर एक मुलगी ओल्या कपड्यांत इतकी कुडकुडू लागली होती की तिला धड बोलता येईना. पुढे सगळे सुखरूप घरी पोचले, म्हणून आज हा लेख लिहिता येतो. हाच प्रसंग संध्याकाळी साडेपाचला घडला असता तर काय झाले असते, याचा विचार मंडळाने करावा.

त्या प्रसंगातून मंडळाने काढलेला निष्कर्ष असा, की आहे त्याहून चांगले होकायंत्र घ्यावे. मी विचारते, पुढच्या खिशातले यंत्र आणखी चांगले असते तर मागच्या अकरा जणांना त्याचा काय उपयोग होता? दोष यंत्राच्या प्रतीत नव्हताच. दिशा एकाच्या खिशात आणि बाकीचे सत्तावीस त्याच्या पाठीकडे बघून चालणारे, ही आपली पद्धतच सदोष आहे. आणि ही पाठ नेहमी कोणाची असते? मुलग्यांनी पुढे आणि मागे राहायचे, मुलींनी मध्ये, असा आपल्याकडे अलिखित नियम आहे. तीन वर्षांत एकाही मुलीच्या हाती मंडळाचे होकायंत्र दिलेले मी पाहिले नाही. काळजीपोटीच हे होते, मान्य आहे. पण काळजीने कोणाला उत्तर दिशा कळत नाही.

आता हिशेब मांडू. आकडे केवळ उदाहरणादाखल घेते. समजा मंडळाकडे बारा हजार रुपये आहेत. त्यात एक सर्व सोयींनी युक्त यंत्र येते, किंवा दीड हजारांची साधी पण चांगली आठ येतात. खर्च-लेखांकनाच्या तासाला आपण शिकतो, की वस्तूची किंमत पाहून भागत नाही; ती किती जणांना, कितीदा उपयोगी पडते ते पाहावे. पहिल्या व्यवहारात अठ्ठावीस माणसांत एक यंत्र. ते दगडावर आपटले, हरवले वा नेत्यासह पुढे गेले, की शिल्लक शून्य. दुसऱ्या व्यवहारात तीन-चार जणांमागे एक. त्यातले एक फुटले तरी सात उरतात. शिवाय दोन यंत्रे एकमेकांशी ताडून पाहता येतात. एकच यंत्र असेल तर ते खोटे बोलते आहे की खरे, हे सांगणार कोण?

परंतु साधे आणि स्वस्त यांत फरक आहे. किल्ल्यांच्या जुडग्याला लटकणारी आणि जत्रेत मिळणारी खेळणी मी घ्या म्हणत नाही. लष्करी दिसणाऱ्या हिरव्या धातूच्या स्वस्त नकलाही नकोत. त्यांतली चकती अडकते आणि वजन मात्र खिसा फाडते. मी म्हणते ते पारदर्शक पट्टीवर बसविलेले होकायंत्र, ज्याला दुकानात बेसप्लेट म्हणतात. स्वीडनमध्ये १९३०च्या दशकात ते तयार झाले. तोवर डोंगरात फिरणाऱ्याला दिशा पाहायला होकायंत्र आणि नकाशावर कोन मोजायला वेगळा कोनमापक लागे. तिथल्या खेळाडूंनी व कारागिरांनी दोन्ही एकाच पट्टीवर आणले. त्याच काळात, १९३६च्या सुमारास, फिनलंडच्या तुओमास वोहलोनेन यांनी द्रव भरलेली हातातली होकायंत्रे मोठ्या संख्येने बनविण्याची रीत काढली. द्रवामुळे सुई थरथरत न राहता चटकन स्थिर होते. या दोन गोष्टी एकत्र आल्या आणि आजचे साधे होकायंत्र झाले.

याउलट ज्याला आपण लष्करी म्हणतो ते लोलकाचे, म्हणजे प्रिझमॅटिक होकायंत्र, १८१२ साली लंडनमध्ये पेटंट झालेल्या कल्पनेवर चालते. दूरच्या खुणेचा कोन अचूक घ्यायला ते उत्तमच. आपले एनसीसीचे छात्र आणि स्थापत्यचे विद्यार्थी त्यावरच शिकतात. पण ते नकाशावर ठेवून काम होत नाही; कोनमापक वेगळा लागतो. पावसात, वाऱ्यात, नकाशा फडफडत असताना दोन वस्तू सांभाळून पाहा, म्हणजे फरक कळेल.

कोणी म्हणेल, अचूकपणाचे काय? त्याचे उत्तर त्रिकोणमितीत आहे. दोन अंशांची चूक झाली तर एक किलोमीटर चालल्यावर आपण सुमारे पस्तीस मीटर बाजूला जातो. धुक्यात कोणी किलोमीटरभर एका दमात चालत नाही. दोनशे मीटरवरचे झाड वा वळण गाठून पुन्हा दिशा पाहतो. दोनशे मीटरला ती चूक सात मीटरची होते. करवंदीची एक जाळी चुकवताना आपण त्याहून अधिक बाजूला सरकतो! तेव्हा अर्ध्या अंशाच्या अचूकपणासाठी पैसे मोजणे म्हणजे किराणा तोलायला सोनाराचा काटा आणणे होय.

आणखी काही सोयींसाठी आपल्या भागात पैसे मोजायचे कारण नाही. एक म्हणजे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक जुळविण्याचा स्क्रू. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर हा फरक पंधरा अंशांच्या घरात जातो. तेथे तो स्क्रू हवाच. बेळगावकडे हा फरक एका अंशाच्या आसपास आहे. दुसरी म्हणजे अंशांऐवजी ‘मिल्स’ दाखविणारी चकती. ती तोफखान्याच्या कामाची, आपल्याला ३६० अंश पुरेत. तिसरी गोष्ट पट्टीवरच्या मापाची. काही यंत्रांवर १:२४,००० हे अमेरिकी नकाशांचे माप असते. भारतीय सर्वेक्षण विभागाचे स्थलनिर्देशक नकाशे १:५०,००० प्रमाणाचे आहेत, म्हणजे नकाशावरचे दोन सेंटिमीटर जमिनीवरचा एक किलोमीटर. पट्टीवर हे माप, नाही तर निदान साधे सेंटिमीटर-मिलिमीटर असावेत.

एका बाबतीत मात्र परदेशी यंत्र घेताना डोळे उघडे ठेवावे लागतात. पृथ्वीचे चुंबकत्व सुईला नुसते उत्तरेकडे ओढत नाही, खालीही ओढते. स्वीडनमध्ये ही ओढ क्षितिजाखाली सत्तर अंशांहून अधिक कलती आहे. म्हणून तिकडच्या सुईचे दक्षिण टोक मुद्दाम जड करून तोल साधतात. आपण चुंबकीय विषुववृत्तापासून बरेच जवळ आहोत. ते केरळातील थुंब्याजवळून जाते म्हणूनच १९६३ साली भारताचा पहिला अग्निबाण तेथून सोडण्यात आला. आपल्याकडे सुईला खाली ओढणारा जोर कमी, त्यामुळे उत्तर युरोपसाठी तोललेल्या सुईचे दक्षिण टोक येथे खाली बसते आणि डबीला घासते. सुई घासली की दिशा चुकली. म्हणून खोक्यावर कोणत्या विभागासाठी यंत्र बनविले आहे ते वाचावे, आणि नुसते वाचून न थांबता हातात धरून पाहावे.

दुकानात कसे पाहावे? सोपी रीत आहे. यंत्र काउंटरवर ठेवू नये; खाली लोखंड असते. उघड्या जागी, हातात सपाट धरावे. सुई दोन्ही टोकांना सारखी तरंगते का पाहावे. मग थोडे पुढे-मागे कलते करावे. तरीही सुई मोकळी फिरली पाहिजे. जवळ लोखंडी किल्ली नेऊन सुई हलवावी, किल्ली दूर करावी. काही सेकंदांत सुई त्याच अंशावर परत यायला हवी, आणि हे चार वेळा करून चारही वेळा तसेच घडायला हवे. अंशांची फिरती कडी ओल्या बोटांनीही फिरावी, पण आपोआप सरकू नये. द्रवात मोठा बुडबुडा असेल तर डबी कुठेतरी गळते आहे असे समजावे. तीन-चार यंत्रे एकमेकांशी ताडायची असतील तर त्यांत हात-दीड हाताचे अंतर ठेवावे, नाही तर सुया उत्तरेऐवजी एकमेकींकडे बघतात. दुकानदार कंटाळेल, कंटाळू द्यावा.

आता सर्वांत मोठा आक्षेप. “हातात मोबाइल असताना ही उठाठेव कशाला?” मी मोबाइलची वैरी नाही. टॉवर नसला तरी उपग्रहावरून तो आपली जागा दाखवतो, आणि नकाशा आधी उतरवून ठेवला असेल तर फार उपयोगी पडतो. पण ओल्या काचेवर ओले बोट चालत नाही, थंडीपावसात बॅटरी लवकर उतरते, आणि त्याच्यातला चुंबकसंवेदक आजूबाजूच्या चुंबकाने सहज फसतो. हा फसण्याचा प्रकार लहान समजू नये. मुंबईत ट्राम विजेवर चालणार हे ठरले तेव्हा कुलाबा वेधशाळेचे चुंबकीय मापन बिघडेल म्हणून ते काम १९०४ साली अलिबागला हलवावे लागले. वेधशाळेला जे सोसले नाही ते आपल्या हातातल्या सुईला कसे सोसेल? त्यामुळे साधे होकायंत्र वापरतानाही मोबाइल, चाकू, घड्याळाचा चुंबकी पट्टा दूर ठेवावा. विजेच्या मोठ्या तारांखाली दिशा पाहू नये. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणातही चुंबकीय खनिज असते, म्हणून यंत्र दगडावर टेकवू नये आणि शंका आली तर वीस पावले बाजूला जाऊन पुन्हा पाहावे. मोबाइल असावाच; पण तो बंद पडल्यावर हातात काय उरते, हे आधी ठरवावे.

शेवटचा मुद्दा शिकण्याचा. आठ यंत्रे घेऊन कपाटात ठेवली तर माझा सगळा हिशेब फुकट गेला. मात्र शिकायला फार लागत नाही. यंत्र नकाशावर ठेवून जायच्या ठिकाणाचा कोन काढणे, तो कोन धरून चालणे आणि परतीचा कोन काढणे, एवढ्या तीन गोष्टी आल्या की पुरे. परतीचा कोन तर सातवीच्या गणितात बसतो: जाताना ६० अंश असेल तर १८० मिळवून येताना २४०; जाताना २०० असेल तर १८० वजा करून २०. आपल्या महाविद्यालयात एनसीसीचे छात्र आहेत. त्यांनी चार शनिवार मैदानावर द्यावेत. भूगोल विभागाने नकाशे द्यावेत. २०१७ सालापासून सर्वेक्षण विभागाने हे नकाशे संकेतस्थळावरून खुले केले आहेत, तेव्हा नकाशा मिळत नाही ही सबब उरलेली नाही. आणि भाषेची अडचण तर मुळीच नाही. मराठीतले होकायंत्र कन्नडमध्ये दिक्सूचि होते, पण दोनशे चाळीस अंश दोन्ही भाषांत दोनशे चाळीसच!

तेव्हा मंडळाच्या कार्यकारिणीला माझी विनंती अशी. भारी यंत्राचा ठराव मागे घ्यावा. आहे ते जुने यंत्र नेत्याजवळ राहू द्यावे. ते वाईट नाही. नव्या पैशातून साधी, द्रव भरलेली, पारदर्शक पट्टीची, आपल्या भागासाठी तोललेल्या सुईची आठ होकायंत्रे घ्यावीत. प्रत्येक चौघांत एक द्यावे. आणि त्या चौघांत ते कोणाकडे असावे हे दर सहलीला पाळीपाळीने बदलावे. त्यात मुलींची पाळी चुकवू नये. सर्वांत मागे चालणाऱ्याकडे एक असलेच पाहिजे, हा नियम लेखी असावा.

पुढे चालणारा चुकणार नाही असे गृहीत धरून आपण फार गोष्टी चालवतो. सहलीही तशाच चालवतो. पुढचा माणूस कितीही हुशार असो, धुक्यात त्याची पाठ दहा पावलांवर दिसेनाशी होते. त्यानंतर ज्याच्या-त्याच्या हातात जे असेल तेच खरे. ठरावाची बैठक येत्या महिन्यात आहे. सभासदांनी यावे, माझे म्हणणे पटले नाही तर खोडून काढावे, पण मुकाट्याने हात वर करू नयेत, एवढीच अपेक्षा.